हळदीचा लेप आणि लेखणीचा पुरावा

करमाळे तालुक्यातील आपल्या केम गावाचे नाव दूरवर गेले ते ग्रामदैवत श्री उत्तरेश्वरामुळे आणि येथील कुंकवामुळे. हळदीस क्षाराचा संस्कार झाला म्हणजे तिचा पिवळा वर्ण पालटून तांबडा होतो, हे कुंकवाच्या जुन्या कृतीचे मर्म होय. हळदीच्या कागदावर चुन्याचे पाणी टाकून हाच चमत्कार आम्ही शाळेत विद्यार्थ्यांस दाखवीत असू. परंतु त्याच हळदीचा दुसरा गुण घरोघरच्या माताभगिनींस अधिक परिचित आहे. तो म्हणजे जखम भरून आणण्याचा. या गुणासाठी भारतास परदेशी कज्जा करावा लागला, ही हकीकत आपल्या ज्ञातिबांधवांस विदित व्हावी, एतदर्थ हा अल्प प्रयत्न.

जखमांवरील लेपांची विद्या आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय व्रणांविषयी आहे. शरीरातील दोषांनी होणारे आणि शस्त्रादी बाह्य आघाताने होणारे, असे व्रणांचे दोन प्रकार करून त्यांवर साठ उपक्रम तेथे सांगितले आहेत. वैद्यांच्या जात्यादी तेलात जाईचा पाला, कडुनिंब, मंजिष्ठ यांच्या जोडीस हळद व दारुहळद आहेतच. मराठीतही ही विद्या ग्रंथरूपाने आली. १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणारे वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘वनौषधिगुणादर्श’ लिहिला, डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ १९२७ साली प्रसिद्ध झाला.

ग्रंथांवाचूनही घराघरांत मलमे होतच होती. राळ व तिळाचे तेल पाण्याबरोबर घोटून केलेले मलम, भाजल्यावर कोरफडीचा गर, शेतात विळा लागल्यास एकदांडीच्या पाल्याचा रस, हे उपाय कोणी पुस्तकात पाहून केले नाहीत. गंमत अशी की, ही एकदांडी मूळची अमेरिका खंडातील. परक्या वनस्पतीचाही गुण पारखून घेणारी आपली वडीलधारी माणसे केवळ जुने ते गिरवीत नव्हती, हे यावरून दिसते.

आता त्या कज्ज्याकडे वळू. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कचेरीने हळदीने जखम भरून आणण्याच्या पद्धतीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट दिले. नवल हे की, संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते आणि भारतात हळद पूर्वापार औषधी म्हणून वापरली जाते, अशी नोंद खुद्द त्या पेटंटातच होती! मग ते मिळाले कसे? अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यानुसार परदेशातील केवळ वापर हा पुरावा धरला जात नसे. तेथील ज्ञान कोठे तरी छापून प्रसिद्ध झालेले असावे लागे. म्हणजे कोट्यवधी आजीबाईंची साक्ष व्यर्थ, आणि छापील एक पान मात्र ग्राह्य!

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली या पेटंटास आव्हान दिले. परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे मूळचे गोव्यातील माशेलचे. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी व उर्दू ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द ठरले. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारण्याचे काम भारताने हाती घेतले. अमेरिकेचा तो कायदाही २०१३ पासून पालटला आहे.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. हळद वाचली ती लिहिलेले होते म्हणून. जे लिहिले गेले नाही, ते जाणत्या माणसाबरोबर सरणावर जाते. आपल्या प्रत्येक कुटुंबात एखादा लेप, एखादा काढा, एखाद्या पाल्याची ओळख अजून शिल्लक असेल. वनस्पतीचे नाव, तिचा कोणता भाग, किती प्रमाण, कोणत्या जखमेवर आणि कोणत्या जखमेवर मुळीच नाही, इतके वडीलधाऱ्यांस विचारून लिहून काढावे. अशा नोंदी पुढील स्मरणिकेत छापल्या गेल्यास ती समाजाची मोठी सेवा होईल.

मात्र अभिमानाच्या भरात विवेक सुटू नये. खोल किंवा मातीने माखलेल्या जखमेवर हळद दाबून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. तेथे धनुर्वाताची लस व डॉक्टरच हवेत. बाजारच्या हळदीत भेसळ असू शकते, आणि कुंकवात कृत्रिम रंग. कुंकू हे सौभाग्यलेणे आहे, जखमेचे औषध नव्हे. पूर्वजांनीही पारखूनच स्वीकारले. आपणही पारखावे, आणि पारखलेले लिहून ठेवावे, हीच आमची सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती.