मत नाही, म्हणून वजन नाही?

कॉलेजांतल्या मॉडेल यूएनमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या लुटुपुटीच्या बैठकीत, पाट्या वाटल्या जातात तेव्हा अमेरिका, रशिया, चीनवर उड्या पडतात आणि एखाद्या स्वयंसेवी संस्थेची पाटी हाती आली की पोराचं तोंड उतरतं. त्याची समजूत काढणाऱ्यांपेक्षा त्याच्याशी सहमत असणारेच अधिक. त्यांचा पूर्वपक्ष असा: ही तालीम राजनयाची, राजनय चालतो सरकारांमध्ये, संस्थेला ठरावावर मत नाही, म्हणून तिचा परिणाम नाही, तिला बसवणं म्हणजे नुसती खुर्ची भरणं.

मत नाही, हे खरंच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचं ७१वं कलम आर्थिक व सामाजिक परिषदेला अशा संस्थांशी सल्लामसलत करण्याची मुभा देतं, एवढंच. १९९६च्या ठरावानुसार सल्लागार दर्जाच्या वरच्या श्रेणीतली संस्था परिषदेपुढे दोन हजार शब्दांचं लेखी निवेदन ठेवू शकते, मधल्या श्रेणीतली पाचशे शब्दांचं. पण ‘मत नाही म्हणून परिणाम नाही’ या अनुमानाची व्याप्तीच फुटते. ती कुठे फुटते ते पाहायला न्यूयॉर्क गाठायला नको, गोव्यातल्या पेडण्याहून पत्रादेवीला गेलं तरी पुरे.

भारतानं लिस्बनमधली वकिलात १९५३ सालीच बंद केली. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्याबद्दलची बोलणी खुंटली. पुढच्या वर्षी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली ती भारतीय सैन्यामुळे नव्हे. आझाद गोमंतक दलासारख्या संघटनांच्या स्वयंसेवकांनी ती घेतली. त्याच १९५४मध्ये पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. (तीत राजकीय पक्षांची माणसं होती, मग ती स्वयंसेवी कशी, असं कुणी विचारील. पक्ष होते, सरकार नव्हतं. आपल्या वादाला तेवढं पुरतं.) दिल्ली तेव्हा भारतीय नागरिकांना सीमेपार जाऊ द्यायला राजी नव्हती. तरी वर्षभरात तुकड्या निघाल्या, आणि १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांना सामोरे गेले. कर्नैलसिंग बेनिपाल तिथंच पडले. त्यानंतर दोन्ही देशांचे वाणिज्य दूतावासही मिटले. डिसेंबरात पोर्तुगालनं हेगच्या न्यायालयात भारतावर दावा लावला, तोही याच दादरा-नगर हवेलीकडे जाणाऱ्या वाटेसाठी. १९६०च्या निकालात सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला नाही. म्हणजे खटला दोन राज्यांचा, पण त्याचं कारण घडवणारे राज्य नव्हते.

आता उलट बाजू. १८ डिसेंबर १९६१ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलेलं असताना सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावाला सात मतं पडली, विरोधात चार. सोव्हिएत नकाराधिकारानं ठराव पडला आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. बाजूच्या सातांतल्या तुर्कस्तान, चिली, इक्वेडोर या तिघांनाही मत होतं. त्यानं काय झालं?

पूर्वपक्षाकडे याहून धारदार एक बाण आहे, तो सहसा कुणी सोडत नाही: या संस्थांना निवडलं कुणी? सरकार निवडणुकीत पडतं, संस्था कधीच पडत नाही. हा आक्षेप मी टाळणार नाही. मोपाच्या पठारावरच्या विमानतळाविरुद्ध फेडरेशन ऑफ रेनबो वॉरिअर्स ही संस्थाही सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा पेडण्यात हाच प्रश्न विचारणारे होते, आणि रोजगाराची वाट पाहणाऱ्याला तो विचारायचा हक्कही होता. मार्च २०१९मध्ये न्यायालयानं पर्यावरणीय मंजुरी स्थगित ठेवून तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला लावला. जानेवारी २०२०मध्ये स्थगिती उठली, अटी वाढल्या. विमानतळ झालाच. संस्था हरली म्हणा हवं तर, पण मंजुरीचा मजकूर पहिला राहिला नाही. निवडून न आलेल्याला निर्णय घेता येत नाही, निर्णयाला कारणं द्यायला लावता येतं. तालमीत हे शिकवायचं नाही तर काय शिकवायचं?

दोष आहे तो आयोजकांच्या हाताळणीत. संस्थेच्या प्रतिनिधीकडून ते कळवळ्याचं भाषण मागतात आणि मसुदा लिहायच्या वेळी त्याला बाहेर बसवतात. त्यापेक्षा त्याला पाचशे शब्दांची मर्यादा घालून निवेदन द्यायला लावावं, एखाद्या देशाच्या प्रतिनिधीला गाठून आपलं एक वाक्य मसुद्यात घालून घ्यायला लावावं, आणि ते वाक्य टिकलं का यावर गुण द्यावेत. पेडण्याच्या कॉलेजनं तर १९५५चा उन्हाळाच तालमीला घ्यावा: एका टेबलाशी लिस्बन, एकाशी दिल्ली, तिसऱ्याशी विमोचन समिती. दिल्ली नको म्हणते आहे, तुकडी तयार आहे. समितीच्या पाटीमागच्या मुलीनं संध्याकाळपर्यंत ठरवायचं.