पॉलिलॅक्टिक अम्ल (पीएलए)

पॉलिलॅक्टिक अम्ल : मका, ऊस, कसावा अशा पिकांतील स्टार्च किंवा साखर आंबवून तयार केलेले बहुवारिक. व्यवहारात ते ‘पीएलए’ म्हणूनच ओळखले जाते. थंड पेयांचे पारदर्शक पेले, खाद्यपदार्थांचे डबे, थ्रीडी प्रिंटरला लागणारी तार, कागदी कपाच्या आतला पातळ थर आणि शस्त्रक्रियेनंतर शरीरातच विरून जाणारे स्क्रू अशा अगदी वेगवेगळ्या वस्तूंत ते आढळते. खनिज तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिकला पर्याय म्हणून त्याचे नाव घेतले जाते, तेव्हा दोन प्रश्नांची सरमिसळ होते : वस्तू कशापासून बनली आणि वापर संपल्यावर तिचे काय होणार. ही दोन उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिएथिलीन बनवतात. ते वनस्पतिजन्य असूनही नेहमीच्या पॉलिएथिलीनइतकेच चिवट असते. उलट पीबीएटी हे प्लास्टिक बहुधा तेलापासून बनते, तरी कुजते. पीएलए वनस्पतिजन्यही आहे आणि विघटनशीलही. मात्र त्याचा खरा उपयोग किती, हे ते शेवटी कुठे जाऊन पडते यावरच ठरते.

या पदार्थावर वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३२ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत काम केले होते, पण व्यापारी प्रमाणावर उत्पादन व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ब्लेअर येथे २००२ मध्ये मक्यावर चालणारा मोठा कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता आज वर्षाला सुमारे दीड लाख टन आहे. थायलंडमधील रायोंग येथे उसाच्या साखरेवर चालणारा ७५,००० टन क्षमतेचा कारखाना आहे. महाराष्ट्रात जेजुरीजवळ जैवबहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र २०२४ मध्ये उभे राहिले. प्रक्रिया थोडक्यात अशी : जिवाणू साखर आंबवून लॅक्टिक अम्ल तयार करतात, म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे तेच अम्ल. ते शुद्ध करून, पाणी काढून त्याचे लॅक्टाइड बनवतात आणि लॅक्टाइडच्या वलयांची साखळी जोडून पीएलए मिळवतात. अम्ल वेगळे काढताना चुना व गंधकाम्ल वापरणाऱ्या पद्धतीत जवळजवळ अम्लाच्या वजनाइतके जिप्सम मागे उरते. पर्यावरणस्नेही म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचा हिशेब करताना हा ढीग सहसा कोणी मोजत नाही.

पीएलएच्या साखळीतील एस्टर बंध पाण्याने तुटतात. साखळी पुरेशी आखूड झाल्यावरच सूक्ष्मजीव तिचे तुकडे खाऊ शकतात. म्हणजे आधी पाण्याचे काम, मग जिवाणूंचे. पाण्याचे हे काम किती वेगाने होणार ते तापमान ठरवते. सुमारे ५५ ते ६० अंश सेल्सिअसखाली पीएलए काचेसारखे ताठ असते, त्याच्या रेणूंना हलायला वाव नसतो आणि विघटन रेंगाळते. त्याच्या वर ते शिथिल होते. उकळता चहा ओतल्यावर साधा पीएलएचा पेला मऊ पडून वाकतो तो याचमुळे. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातील ढीग आतून ६० अंशांच्या आसपास तापतो. अशा ढिगात गेलेला पेला आधी दुधाळ होतो, मग ठिसूळ, इतका की बोटांनी दाबला तरी चुरा व्हावा. काही आठवड्यांनी त्याचे तुकडे शोधूनही सापडत नाहीत. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकाची अटही अशाच उष्ण ढिगाला धरून आहे : १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त शिल्लक राहू नये आणि ६ महिन्यांत ९० टक्के पदार्थ सूक्ष्मजीवांनी पचवलेला असावा. भारताचे आयएस १७०८८ हे मानकही औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पच गृहीत धरते. गच्चीवरची खताची बादली, नाला किंवा समुद्रकिनारा या मानकांच्या कक्षेत येतच नाही.

प्रयोगशाळेबाहेरचा पुरावाही हेच सांगतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रात बुडवून ठेवलेले पीएलएचे कापड ४२८ दिवसांनंतरही शाबूत होते, असे स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांना २०२३ मध्ये आढळले. त्याच पाण्यात सेल्युलोजचे धागे महिनाभरात विरले. त्याआधी, २०१९ मध्ये, प्लिमथ विद्यापीठातील इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी वेगवेगळ्या पिशव्यांचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही ती सापडली, फक्त वजन पेलत नव्हती. ‘जैवविघटनशील’ म्हणून विकलेली दुसरी एक पिशवी तर मातीत आणि समुद्रात तीन वर्षे राहूनही बाजारहाट करण्याइतकी मजबूत होती. तेव्हा पीएलएच्या वस्तू उघड्यावर टाकल्या तरी आपोआप नाहीशा होतील, हा समज घातक आहे आणि जाहिरातीने तो पसरू देणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

सुक्या कचऱ्यात पीएलए गेले तर नुकसान वेगळेच होते. पीएलए आणि बाटल्यांचे पीईटी डोळ्यांना सारखेच दिसतात. कचरावेचकाला हाताने ते निवडता येत नाहीत; दोन्ही पाण्यात बुडत असल्याने तरंगण्यावर आधारलेली वर्गवारीही निरुपयोगी ठरते. पीईटीचा चुरा वितळवण्याआधी ज्या उष्णतेत वाळवतात, तिथेच पीएलए चिकट होऊन गोळे बनवते आणि थोडीशी भेसळही पीईटीला गढूळ करते. ज्या मालावर कचरावेचकांचे पोट चालते, त्याचा भाव यामुळे पडतो. म्हणून पीएलएची जागा ओल्या कचऱ्यात आहे, तीही तो कचरा उष्ण कंपोस्ट प्रकल्पापर्यंत पोहोचत असेल तरच. इटलीने २०११ पासून साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी घातली आणि मिलानने २०१२ पासून घरोघरचा अन्नकचरा कंपोस्टेबल पिशव्यांतून वेगळा गोळा करायला सुरुवात केली. तिथे पिशवीमुळे उष्टे-खरकटे स्वच्छपणे प्रकल्पापर्यंत जाते. हे यश पदार्थाइतकेच वेगळ्या संकलनाचे आहे.

अन्नाचे प्लास्टिक करणे योग्य आहे का, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. ग्लुकोजच्या १८० भार वजनापासून, सर्व काही बिनचूक घडले तरी, १४४ भार पीएलए मिळते; म्हणजे एक टनाला किमान सव्वा टन, प्रत्यक्षात दीड टनाच्या आसपास साखर लागते. ७५,००० टनांचा कारखाना वर्षाला लाखभर टनांहून थोडी जास्त साखर घेईल. महाराष्ट्रातील साखर उत्पादन चांगल्या हंगामात १०० लाख टनांवर जाते, त्यापुढे हा वाटा किरकोळ आहे. मात्र जगात दरवर्षी ४० कोटी टनांहून अधिक प्लास्टिक बनते. ते सगळे पीएलएने भरून काढायचे म्हटले तर सुमारे ६० कोटी टन साखर लागेल आणि जगाचे एकूण साखर उत्पादनच १८ कोटी टनांच्या घरात आहे. उसाला लागणारे पाणी तर या हिशेबात धरलेलेच नाही. आजच्या प्रमाणात आक्षेप टिकत नाही. सरसकट पर्यायाच्या कल्पनेला मात्र तो पूर्ण लागू पडतो. मग पळसाच्या पत्रावळी काय वाईट, असेही विचारले जाते. पंगतीला त्या उत्तमच, तिथे पीएलएची गरज नाही. खाद्यपदार्थ जिथे प्लास्टिकला चिकटून राहतो आणि धुऊन वेगळा करणे परवडत नाही, तिथे पीएलएला तोड नाही : खरकट्याच्या पिशव्या, फळांवरची चिकटपट्टी, चहाच्या पुड्या.

शेतीतही अशी एक जागा आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंग पेपर हंगामाअखेर मातीने माखून फाटलेला असतो; तो गोळा करणे जिकिरीचे, पुनर्वापर जवळजवळ अशक्य. तिथे जागीच कुजणारी फिल्म हवी. पण मातीचे तापमान कमी असल्याने एकटे पीएलए कामी येत नाही, त्यात पीबीएटी किंवा स्टार्च मिसळावे लागते. २०१८ च्या ईएन १७०३३ मानकात म्हणून कंपोस्ट ढिगाऐवजी मातीतली कसोटी आहे : साधारण २५ अंशांना दोन वर्षांत ९० टक्के विघटन. भारताच्या २०१६ च्या नियमांनी प्रमाणित कंपोस्टेबल कॅरीबॅगांना किमान जाडीच्या अटीतून सूट दिली, उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्रही सक्तीचे केले. विकलेली पिशवी कंपोस्ट प्रकल्पापर्यंत नेण्याचे बंधन त्या सवलतीला जोडलेले नाही. ते जोडायला हवे : ज्या शहरात ओला कचरा घंटागाडीतून वेगळा जाऊन उष्ण ढिगात पडतो तिथे ही सूट असावी, आणि जिथे सगळा कचरा एकत्र डेपोवर जातो तिथे या पिशवीला साध्या प्लास्टिकचेच नियम लावावेत.