विणकामाच्या सुया

लोकरीचे, सुती किंवा कृत्रिम धाग्याचे टाके एकातून एक ओढून कापड तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गुळगुळीत, टोकदार काड्या. एका सुईवर आधीच्या ओळीचे टाके असतात. दुसऱ्या सुईने प्रत्येक टाक्यातून धागा ओढून घेतला की जुना टाका सुटतो आणि नवा त्याची जागा घेतो. क्रोशाच्या सुईवर बहुधा एकच टाका उघडा राहतो, इथे मात्र अख्खी ओळ उघडी असते. त्यामुळे सुई नुसते धागा ओढायचे साधन राहत नाही. विणकाम चालू असेपर्यंत सगळे कापड तिच्यावरच तोललेले असते.

इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुती धाग्याचे विणलेले मोजे साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मानले जातात. त्याहून जुने कॉप्टिक मोजे दिसायला तसेच असले, तरी ते नेढ्याच्या एकाच सुईने, निराळ्या पद्धतीने केलेले आहेत. दोन सुयांच्या विणकामाची वीण इतकी नियमित असते की ती यंत्रालाही साधली. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. हातविणकाम मात्र त्यानंतरही टिकले, आणि त्यातली थक्क करणारी कामे बहुतेक यंत्रानंतरची आहेत.

टाका केवढा पडणार हे सुईच्या जाडीवर ठरते. धाग्याचा वेढा सुईच्या पूर्ण जाडीच्या भागावर बसायला हवा. निमुळत्या टोकावरच टाके घेणाऱ्या नवशिक्या हाताचे विणकाम म्हणूनच आवळलेले येते, आणि दोष लोकरीला दिला जातो. एकाच जाडीच्या सुया दोन माणसांच्या हातात दोन मापांचे कापड देतात, कारण धागा ताणून धरण्याची प्रत्येकाची सवय वेगळी. नमुन्यात दहा सेंटीमीटरला २२ टाके सांगितले असतील, तर १०० सेंमी घेराच्या स्वेटरला २२० टाके लागतील. विणणारीचा हात घट्ट असून २४ टाके पडत असतील, तर तोच स्वेटर ९२ सेंमीच्या आसपास भरेल. हात सैल असून २० पडत असतील, तर ११० सेंमी. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर एक तर अंगात शिरत नाही, नाही तर अंगावर लोंबतो. म्हणून आधी पंधरा सेंमीचा चौकोन विणावा, धुऊन सपाट वाळवावा आणि मधल्या भागात टाके मोजावेत. टाके जास्त भरले तर जाड सुया घ्याव्यात, कमी भरले तर बारीक. लोकरीच्या वेष्टनावर छापलेला सुईचा आकडा ही फक्त सुरुवात असते. चौकोनाला लागलेली संध्याकाळ वाया गेली असे वाटते खरे, पण पूर्ण स्वेटर उसवण्याच्या तुलनेत ती काहीच नाही.

आकड्यांचाही घोळ आहे. भारतात जुने ब्रिटिश क्रमांक रुळलेले आहेत आणि त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते : १४ नंबर म्हणजे २ मिमी, १० नंबर ३.२५ मिमी, ८ नंबर ४ मिमी आणि तीन शून्यांची सुई १० मिमी. अमेरिकी क्रमांक उलटे चढतात. तिकडची ८ नंबरची सुई ५ मिमीची असते. ७ नंबरवर दोन्ही पद्धती एकत्र येतात, तेव्हा दोहोंकडे माप ४.५ मिमी. जपानी पद्धतीत शून्य क्रमांक २.१ मिमीचा असून पुढच्या प्रत्येक क्रमांकाला ०.३ मिमीची भर पडते. परदेशी नमुना हाती घेताना क्रमांक बाजूला ठेवून मिलिमीटरच पाहावेत. जुन्या सुयांवरचा आकडा पुसलेला असेल, तर मापाच्या भोकांची पट्टी उपयोगी पडते. सर्वसाधारणपणे चार पदरी लोकरीला ३.२५ मिमी आणि तिच्याहून जाड डबल निटिंग लोकरीला ४ मिमी हे माप चालते. स्वेटरच्या खालची आणि मनगटाची एक सुलट एक उलट पट्टी अंगाच्या विणीपेक्षा एक-दोन नंबरांनी बारीक सुयांवर घालतात, म्हणजे ती अंगाला धरून राहते.

धागा आणि सुई यांचे नेहमीचे प्रमाण जाणूनबुजून मोडूनही अप्रतिम कापड निघते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपैकी अन्स्ट हे बेट जाळीदार शालींसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या मेंढ्यांच्या मानेकडची मऊ लोकर हाताने केसासारखी बारीक काततात आणि धाग्याच्या मानाने जाड सुयांवर विणतात. टाके मोकळे राहतात, जाळी उघडते. मग शाल धुऊन, ताणून चौकटीवर वाळवली की नक्षी उमटते. अशी मोठी चौरस शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येते आणि तीच तिच्या बारीकपणाची परीक्षा मानली जाते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची गॅन्सी, म्हणजे त्यांचा स्वेटर, नेमकी याच्या उलट. पाच पदरी पिळदार लोकर, तिच्या मानाने फारच बारीक अशा सव्वादोन मिमीच्या पोलादी सुया, आणि वारा-पाणी सहजी आत येणार नाही इतकी घट्ट वीण. पाच दुटोकी सुयांवर ती गोल विणतात, त्यामुळे बाजूंना शिवण नसते. बाह्या खांद्याकडून मनगटाकडे उतरत येतात. मनगट झिजले की तेवढेच उसवून पुन्हा विणायचे. दोन्ही वस्त्रे लोकरीचीच, पण एकात हवा खेळते आणि दुसरे हवेला अडवते. सुईची निवड किती खोलवर काम करते, हे या जोडीत सर्वांत स्पष्ट दिसते.

सुया कशाच्या आहेत, यावर टाके किती घसरतात हे ठरते. अॅल्युमिनियम आणि पोलादावर ते झरझर सरकतात. वेगाला हे चांगले, पण निसटलेला टाका कित्येक ओळी खाली धावतो. बांबू आणि लाकूड टाका धरून ठेवतात, म्हणून नवशिक्यांना आणि रेशमासारख्या घसरड्या धाग्याला ते सोयीचे. निलगिरीतील केट्टी येथे तयार होणाऱ्या पोनी सुया आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. महाराष्ट्रातल्या बेताच्या थंडीत या सुयांवर बाळाची टोपडी, मोजे आणि छोटे स्वेटर हेच काम जास्त चालते, आणि एवढ्याशा घेराला लहान सुया पुरतात. मोठ्या स्वेटरचे वजन सरळ सुयांवर मनगटांना जाणवते. तिथे तारेने जोडलेल्या गोल सुया घ्याव्यात, म्हणजे वजन मांडीवर उतरते. त्यांवर सपाट कापडही विणता येते. मात्र गोल विणताना सुईची एकूण लांबी कापडाच्या घेरापेक्षा कमी हवी, नाही तर टाके ताणले जातात. टोकाकडेही लक्ष द्यावे : जाळीच्या कामाला अणकुचीदार, तर पदर सुटणाऱ्या धाग्याला किंचित बोथट.

वेगाचे विक्रम सुई आणि हात यांच्या जुळणीवर उभे आहेत. यॉर्कशरच्या ग्वेन मॅथ्यूमन यांनी १९७४ या एका वर्षात ८८५ कपडे विणले, आणि १९८० मध्ये मिनिटाला १११ टाक्यांचा वेग दाखवला. नेदरलँड्सच्या मिरियम टेगेल्स यांनी २००६ मध्ये एका मिनिटात ११८ टाके घेतले. शेटलंडच्या हेझल टिंडल यांचा २००८ मधला विक्रम तीन मिनिटांत २६२ टाक्यांचा आहे. एका मिनिटाची झेप आणि तीन मिनिटांचा दम यांची तुलना करू नये. शेटलंडच्या परंपरेत कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेला, भोकांचा चामडी पट्टा बांधतात आणि लांब दुटोकी सुईचे एक टोक त्यात रोवतात. सुई स्थिर राहते, बोटांना फक्त धागा हलवावा लागतो. बायका डोंगरातून जळणाचे पीट वाहून आणतानाही विणत चालत, ते या पट्ट्याच्या आधारामुळेच.

आकाराच्या एका टोकालाही विक्रम आहे. ब्रिटनच्या एलिझाबेथ बाँड यांनी २०१७ मध्ये ४.४२ मीटर लांबीच्या, नऊ सेंटीमीटरहून जाड सुया केल्या. नुसत्या सुया करून भागत नाही; त्यांवर दहा टाक्यांच्या दहा ओळी विणून दाखवाव्या लागतात, आणि ही अट अगदी योग्य आहे. अमेरिकेच्या अल्थिया क्रोम दुसऱ्या टोकाला काम करतात. त्यांच्या चिमुकल्या स्वेटरांत इंचाला ८० हून अधिक टाके असतात आणि त्यासाठी सुया म्हणून बारीक पोलादी तारा लागतात. ‘कोरालाइन’ या २००९ च्या चित्रपटातल्या बाहुलीचा चांदण्यांचा स्वेटर आणि हातमोजे त्यांनीच विणले.