आधी हिशेब दाखवा



हप्त्याचा आकडा जुळत नसला, तरी आपल्या गटांतल्या कितीतरी बाया गप्प बसतात. साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातले शेतकरीही असंच म्हणत. खत सावकारानं लिहायचं, शेतकऱ्यानं खाली नांगराची निशाणी करायची. फेडीची पावती नाही. थकलेलं व्याज मुदलात घालून पुन्हा नवं खत.

12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात हा राग फुटला. लोक सावकारांच्या घरादुकानांवर तुटून पडले. दंगे नगर जिल्ह्यातही पसरले. पण माणसांना मारहाण त्या मानानं थोडी झाली. लोक मागत होते ती खतं. हाती आली की जाळत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दुखणं कुठं आहे ते बरोबर कळलं होतं, असं आम्हाला वाटतं.

सरकारनं चौकशी नेमली आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. खतावरच्या आकड्यावर न थांबता न्यायालय पहिल्यापासूनचा व्यवहार तपासू लागलं. पावती देणं आणि मागितल्यावर वर्षाचा हिशेब देणं सावकाराला भाग पडलं. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणं थांबलं. सावकाराचं घेणं मात्र बुडालं नाही. खरं निघेल तेवढं त्याला मिळायचंच.

हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगरपुरता. आपण निजामाच्या राज्यात. गोदावरीच्या पलीकडे नगरच्या शेतकऱ्याला आधार, अलीकडे पैठण-गंगापूरला तो नाही.

आता 2014 चा सावकारी कायदा साऱ्या राज्याला आहे. सावकाराला परवाना लागतो, हिशेब द्यावा लागतो. मुदलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. हिशेबाचा कागद घेऊन गप्प राहिलात, तरी तो कबूल केला असं धरत नाहीत.

बँका आणि मायक्रोफायनान्स कंपन्या या कायद्यात येत नाहीत. मायक्रोफायनान्सच्या कर्जांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. आपल्याला समजेल त्या भाषेत कर्ज कार्ड द्यायचं. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही. हिशेब चुकीचा वाटला तर कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. (वाद नसलेला हप्ता भरत राहा, नाहीतर थकबाकीदार म्हणून नाव लागतं.) 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करता येते. त्यासाठी माहितीचा नंबर 14448.