परदेशात शिकवताना बाबा झालात? पितृत्व रजा कोणत्या देशाच्या नियमाने मिळते?

नोकरी दुबईच्या शाळेत आणि बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, ठाकुर्लीत. डॉक्टरांनी तारीख दिली की घरात एकच प्रश्न असतो: बाबाला सुट्टी किती मिळणार? उत्तर देशागणिक बदलतं. कुठे ३ दिवस, तर कुठे बाळ वर्षाचं होईपर्यंत.

पासपोर्ट भारतीय, मग नियम कुठला?

साधारण नियम असा की, तुम्ही जिथे काम करता त्या देशाचा कामगार कायदा लागू होतो. शाळेचं नाव 'इंडियन स्कूल' असलं आणि अभ्यासक्रम सीबीएसईचा असला तरी दुबईतल्या खासगी शाळेला कायदा यूएईचाच लागतो.

याला उलटं उदाहरण केंद्रीय विद्यालयांचं. काठमांडू, मॉस्को आणि तेहरान इथे केंद्रीय विद्यालयं आहेत. अंबरनाथच्या केंद्रीय विद्यालयातला शिक्षक तिथे नेमणुकीवर गेला, तर त्याची रजा भारत सरकारच्या नियमानेच ठरते. म्हणजे पूर्ण पगारी १५ दिवस, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर. ही रजा जन्माच्या १५ दिवस आधीपासून जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. मुदतीत घेतली नाही तर ती बुडते.

कोणत्या देशात किती रजा?

* यूएई: खासगी नोकरीत कामकाजाचे ५ दिवस, पगारी. जन्मापासून सहा महिन्यांत एकदम किंवा तोडून घेता येतात.
* सौदी अरेबिया: ३ दिवस, पगारी.
* ओमान: २०२३ च्या नव्या कामगार कायद्यानुसार ७ दिवस.
* ब्रिटन: एक किंवा दोन आठवडे, जन्मापासून ५२ आठवड्यांच्या आत. एप्रिल २०२६ पासून रजेचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे. रजेतल्या वैधानिक पगारासाठी मात्र २६ आठवड्यांच्या नोकरीची अट आहे आणि त्या रकमेला मर्यादाही आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या शिक्षकालाही हा हक्क मिळतो. भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना २०२३ पासून इंग्लंडमधल्या शिक्षक पात्रतेसाठी थेट अर्ज करता येतो, म्हणून हा नियम माहीत असलेला बरा.
* जपान: बाळ एक वर्षाचं होईपर्यंत. रोजगार विम्याच्या अटी पूर्ण होत असतील तर पहिले १८० दिवस पगाराच्या ६७ टक्के आणि नंतर ५० टक्के भत्ता मिळतो. राष्ट्रीयत्वाची अट नाही.

सिंगापूरचा अपवाद

सिंगापूरमध्ये १ एप्रिल २०२५ पासून बाबांना चार आठवड्यांची सरकारी पगारी रजा आहे. पण त्यासाठी बाळ सिंगापूरचं नागरिक असावं लागतं. आईवडील दोघेही भारतीय नागरिक असतील तर ही रजा मिळत नाही. मग शाळेशी झालेल्या करारात काय लिहिलंय, तेवढाच आधार उरतो.

अर्ज करताना काय पाहायचं?

पहिलं, मुदत. यूएईच्या ५ दिवसांत जाण्यायेण्याचा प्रवासही धरा. त्यामुळे वार्षिक रजा किंवा शाळेची सुट्टी त्याला जोडता येते का, हे आधीच विचारून ठेवा.

दुसरं, आगाऊ सूचना. ब्रिटनमध्ये डिलिव्हरीच्या अपेक्षित आठवड्याच्या १५ आठवडे आधी शाळेला कळवावं लागतं आणि रजेच्या तारखा २८ दिवस आधी द्याव्या लागतात.

तिसरं, कागदपत्रं. बाळ ठाकुर्लीत जन्मलं तर जन्मनोंद कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे होते. ती २१ दिवसांत झाली की विलंब शुल्क लागत नाही. दाखल्यावर आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना, ते तपासा. बाळाचा पासपोर्ट आणि पुढे व्हिसा याच दाखल्यावर निघतो. बाळ परदेशात जन्मलं, तर भारतीय नागरिकत्वासाठी तिथल्या भारतीय दूतावासात एक वर्षाच्या आत नोंदणी करा.

आणि भारतात परत आलात तर?

डोंबिवलीतल्या खासगी शाळेत रुजू झालात, तर दुबईत मिळत होते ते ५ दिवसही कायद्याने मिळतील असं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आईसाठी २६ आठवड्यांची रजा आहे. वडिलांसाठी त्यात तरतूद नाही.

प्रयत्न झाले आहेत. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रिया सुळे यांनीही याच विषयावर खासगी विधेयक मांडलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका खासगी शाळेतल्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला होता. पण त्याला आधार दिल्लीच्या शालेय शिक्षण कायद्याचा होता, त्यामुळे महाराष्ट्रातल्या शाळांना तो आपोआप लागू होत नाही.

त्यामुळे इथे शाळेचं नेमणूकपत्र सही करण्याआधी वाचा. पितृत्व रजेचा उल्लेख नसेल तर तेव्हाच विचारा आणि जे ठरेल ते लेखी घ्या.