अवतरणचिन्हांतले जिवंतपण

1956 साली 'नेचर' या नियतकालिकात मायकेल श्वार्त्स यांचे एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध झाले. 'जिवंत' बहुवारिके, असे त्याचे शीर्षक होते आणि त्यातला 'जिवंत' हा शब्द अवतरणचिन्हांत होता. शास्त्रज्ञ जेव्हा रूपकाला अशी चिन्हे लावतो, तेव्हा त्याला त्या शब्दाचा मोहही असतो आणि भीतीही. पुढे चिन्हे गळून पडली, रूपक परिभाषा बनले, आणि त्या परिभाषेवरून अर्धशतकानंतरही वाद चालू राहिले. त्या वादाच्या मुळाशी असलेला एक जपानी शोध मात्र दीर्घकाळ तळटीपेत राहिला. प्रस्तुत लेख त्या तळटीपेविषयी आहे.

श्वार्त्स यांनी पाहिले ते असे. सोडियम व नॅप्थॅलीन यांच्या हिरव्या द्रावणात स्टायरीन घालताच ते लाल झाले आणि स्टायरीनचे रेणू एकामागोमाग जोडले जाऊन लांब साखळ्या तयार झाल्या. स्टायरीन संपल्यावरही लाल रंग टिकला. नवे स्टायरीन घातले की त्याच साखळ्या पुन्हा वाढू लागत. साखळीचे टोक मेलेले नव्हते. मात्र हवेचा किंवा पाण्याचा स्पर्श झाला की ते मरे.

कारखान्यांतली बरीचशी प्लास्टिके ज्या मार्गाने होतात तो मार्ग वेगळा आहे. तेथे साखळीच्या टोकाशी मुक्त मूलक असते, म्हणजे जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन. मूलकाला पाण्याचे वावडे नाही, पण दुसऱ्या मूलकाची गाठ पडताच दोघेही संपतात. एखादी साखळी जन्मते, हजारो दुवे जोडते आणि मरते, हे सारे साधारणतः काही सेकंदांत. परिणामी कुणी लांब, कुणी आखूड अशी भेसळ हाती येते. मूलकाला 'जिवंत' ठेवणे ही कल्पनाच त्या काळी विसंगत वाटावी अशी होती.

ओसाका येथील तत्कालीन सिटी विद्यापीठातील ताकायुकी ओत्सू हे गंधकाच्या संयुगांवर 1950 च्या दशकापासून काम करीत होते. ही संयुगे काही दुर्मीळ नव्हती. थायुरम डायसल्फाइडे रबराच्या कारखान्यात व्हल्कनीकरण जलद व्हावे म्हणून वापरली जात. त्यांच्यातलेच एक मद्यपान सोडवण्याचे औषध म्हणूनही दिले जाते. (रसायनांच्या चरित्रात अशी नाती पुष्कळ सापडतात. असो.) 1982 साली ओत्सू व त्यांचे सहकारी मासातोशी योशिदा यांनी या संयुगांना एक नवे नाव दिले: इनिफर्टर. आरंभक, स्थानांतरक आणि समापक या अर्थांच्या तीन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून घडवलेला हा शब्द कानाला ओबडधोबड आहे. पण सुरुवात करणारा आणि शेवट करणारा एकच, हा विचार त्यात नेमका बसला आहे.

यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. डायथायोकार्बामेट या गटावर अतिनील प्रकाश पडला की कार्बन आणि गंधक यांच्यातला दुबळा बंध तुटतो. कार्बनकडचा तुकडा उतावळा. तो एकवारिकाचे रेणू जोडत सुटतो. गंधकाकडचा तुकडा मंद. तो बहुतांशी वाट पाहतो आणि वाढत्या टोकाला पुन्हा येऊन चिकटतो. साखळी झोपी जाते. पुन्हा प्रकाश, पुन्हा जाग, आणखी थोडी वाढ. कोणत्याही क्षणी बहुसंख्य साखळ्या निद्रिस्त असल्यामुळे जागी असलेली दोन टोके एकमेकांना भेटण्याचा संभव कमी होतो. शिवाय टोकाशी तो गट शिल्लक राहत असल्याने पुढे दुसरेच एकवारिक घालून एकाच साखळीत दोन स्वभावांचे खंड गुंफता येतात.

तरीही ओत्सू यांची पद्धत सदोष होती. गंधकाचा तुकडा कधीकधी स्वतःच नवी साखळी सुरू करी, जाग आणि झोप यांची अदलाबदल पुरेशी जलद होत नसे, आणि लांबीतली विषमता राहून जाई. 1990 च्या दशकात इतर पद्धतींनी बाजी मारली. 1998 साली ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेतील रिझार्डो, मोड, थँग आदींनी 'राफ्ट' मांडली: तीही गंधकाच्याच संयुगांची, पण वाढती साखळी येथे थेट कार्बन-गंधक दुहेरी बंधावर येऊन बसते आणि झोपलेल्या दुसरीला उठवते. पाळी झपाट्याने फिरते, म्हणून साखळ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या होतात. या विजयाचा इतिहास लिहिताना ओत्सूंना 'पूर्वसूरी' म्हणून एक वाक्य मिळे. मला हे अन्यायाचे वाटते. दोष पदार्थात होता. कल्पना पूर्ण होती.

2010 नंतर प्रकाश परतला. राफ्टमधली ट्रायथायोकार्बोनेटे निळ्या किंवा हिरव्या दृश्य प्रकाशानेही तुटतात, हे ध्यानात आले. 2014 मध्ये सिडनी येथे सिरील बॉयर यांच्या गटाने प्रकाश शोषणाऱ्या उत्प्रेरकाची जोड देऊन हेच काम अत्यल्प ऊर्जेत साधले. दिवा मालवला की वाढ थांबते, लावला की पुन्हा सुरू होते. ओत्सूंच्या अतिनील दिव्याखाली गंधकाचे गट हळूहळू नासत; सौम्य प्रकाशात ती हानी कमी झाली.

आणि शब्दाचे काय झाले? 2010 मध्येच रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'जिवंत मूलक बहुवारिकीकरण' ही संज्ञा टाळावी असे सुचवून तिच्या जागी 'उलटवता येणाऱ्या निष्क्रियीकरणाचे' असे लांबलचक नाव दिले. कारण रास्त आहे: थोडी टोके येथेही मरतातच. परंतु त्याच परिभाषेत न वाढणाऱ्या साखळीला आजही 'निद्रिस्त' म्हणतात, आणि तेही अवतरणचिन्हांशिवाय.