शेत माझं, सरासरी मंडळाची: पीक विम्याची शंभर वर्षं

आजचा विषय आहे पीक विमा. अर्ज कसा भरायचा, शेवटची तारीख कोणती, हे आज नाही. हा विमा आला कुठून आणि तो आहे तसा का आहे, ते आज बघू.

सुरुवात घरातूनच करतो. वीसेक वर्षं झाली असतील. आमच्या काकांचं तीन एकर सोयाबीन ओढ्याकाठी होतं. एका रात्रीत ओढ्याला पूर आला आणि पीक मातीसकट गेलं. विम्याचा हप्ता पीक कर्जातून आधीच कापलेला, त्यामुळे काका तसे निर्धास्त होते. भरपाई मिळाली शून्य. चौकशीला गेले तर उत्तर आलं, मंडळाचं सरासरी उत्पन्न चांगलं आहे. काका घरी येऊन एवढंच म्हणाले, "शेत माझं गेलं, आणि मोजलं मंडळाचं?"

मला वाटायचं, ही कुणा कारकुनाची चूक असणार. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की ही चूक नव्हती. विम्याची रचनाच तशी आहे, आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

1920 साली म्हैसूर संस्थानातले जे. एस. चक्रवर्ती यांनी शेती विम्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांची कल्पना साधी होती. एकेकाचं शेत तपासत बसू नका. त्या भागात पाऊस किती पडला ते मोजा, आणि ठरलेल्यापेक्षा कमी पडला तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई द्या. विचार काळाच्या पुढचा होता, पण योजना कागदावरच राहिली.

पहिला खरा प्रयोग झाला 1972-73 मध्ये, गुजरातेत, एच-4 या संकरित कापसावर. पुढे तो महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत गेला. इथे विमा प्रत्येक शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेताचा होता, म्हणजे काकांना हवा होता अगदी तसा. मग झालं काय? 1978-79 पर्यंत शेतकरी आले जेमतेम 3,110. हप्ता जमला सुमारे 4.54 लाख रुपये, आणि भरपाई द्यावी लागली सुमारे 37.88 लाख. शिवाय प्रत्येक बांधावर जाऊन नुकसान ठरवायला माणसं आणायची कुठून? देशात लहान शेतकरी कोट्यवधी.

आता आपल्या पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर येतात. नीलकंठ रथ यांच्याबरोबर त्यांनी केलेला भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास गाजला, आणि अनुशेषावरची दांडेकर समिती तर आपल्याला माहीतच आहे. 1976 मध्ये त्यांनी पीक विम्यावर लिहिलं आणि क्षेत्राचा विमा सुचवला. सारख्या हवामानाचा, सारख्या पिकाचा भाग एक घटक धरायचा. त्या घटकात पीक कापणी प्रयोग करून सरासरी काढायची. सरासरी पडली तर सगळ्यांना भरपाई. 1979 मध्ये याच धर्तीवर पथदर्शी योजना आली, 1985 मध्ये देशव्यापी योजना, 1999 मध्ये राष्ट्रीय कृषी विमा आणि 2016 मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना. नावं बदलली, पाया तोच राहिला.

हिशेब कसा चालतो ते बघा. समजा, उंबरठा उत्पन्न एकरी 10 क्विंटल ठरलंय आणि यंदाची सरासरी 8 आली. तूट 20 टक्के. विमा रक्कम 50,000 असेल तर प्रत्येकाला 10,000 रुपये. ज्याचं पीक उत्तम आलं त्यालाही तेवढेच, आणि ज्याचं सगळं गेलं त्यालाही तेवढेच. सरासरी 10 च्या वर राहिली, तर ओढ्याकाठचा माणूस रिकाम्या हातानं घरी.

दांडेकरांवर राग काढून उपयोग नाही. दुष्काळ सगळ्या शिवारावर एकदम येतो, तिथे हा विचार बरोबर बसतो. मोजणी स्वस्त पडते, लबाडीला वाव कमी राहतो. पण पूर, गारपीट, ढगफुटी गट नंबर बघून येतात. ही उणीव भरायला प्रधानमंत्री योजनेत स्थानिक आपत्तीची तरतूद होती, 72 तासांत कळवायचं आणि मग पंचनामा. महाराष्ट्रात 2023 ला एक रुपयात पीक विमा आला. 2025 च्या खरिपापासून तो बंद झाला, आणि स्थानिक आपत्तीची भरपाईही त्याच्याबरोबर गेली. त्या खरिपात भरपाई पुन्हा मंडळाच्या सरासरीवरच आली. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला.

म्हणून माझ्या मते भांडायचं ते दोन गोष्टींसाठी. एक, विम्याचा घटक मंडळाऐवजी गाव असावा. त्यासाठी कापणी प्रयोग वाढतील, खर्च वाढेल, तो सरकारनं सोसावा. दोन, वाहून गेलेल्या शेताला सरासरीबाहेरचं वेगळं संरक्षण हवं, कारण सरासरीचा विमा त्या कामासाठी बनलेलाच नाही.

तोवर एक करा. आपल्या मंडळाचं उंबरठा उत्पन्न किती ठरलंय, ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून लिहून ठेवा. कापणी प्रयोग गावात कधी आहे तेही विचारा आणि त्या दिवशी तिथे हजर राहा. काका कधी गेले नाहीत. तो आकडा आपल्याच शेताचा भाव ठरवतोय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.